कमोडोर ६४ : चौसष्ट किलोबाइटचा वेब सर्व्हर

वेब सर्व्हर म्हटले की वातानुकूलित दालने, त्यांतील लोखंडी कपाटांच्या रांगा आणि अहोरात्र लुकलुकणारे दिवे असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात वेब सर्व्हर हे यंत्राचे नाव नसून कामाचे नाव आहे. कोणी एखादे पान मागितले की ते शोधावयाचे आणि मागणाऱ्याकडे धाडावयाचे, एवढेच ते काम. हे काम किती लहान यंत्राला झेपू शकते, या प्रश्नाचे एक बोलके उत्तर कमोडोर ६४ या १९८२ सालच्या घरगुती संगणकाने दिले आहे. मुलांनी खेळ खेळावेत म्हणून दूरचित्रवाणी संचाला जोडले जाणारे हे यंत्र योग्य आज्ञावली आणि एक लहानसे कार्ड मिळताच इंटरनेटवरील पूर्ण हक्काचा सर्व्हर बनते. हा केवळ हौशी मंडळींचा विरंगुळा नाही. या वर्गातील लहान यंत्रांसाठी आखलेल्या काटकसरीच्या पद्धती पुढे संवेदक आणि औद्योगिक उपकरणे इंटरनेटला जोडण्यासाठी जगभर वापरल्या गेल्या. त्या काटकसरीचे फायदे आणि तिची किंमत, दोन्ही समजून घेण्याजोगी आहेत.

यंत्राची ओळख

अमेरिकेतील कमोडोर कंपनीने हा संगणक जानेवारी १९८२मध्ये लास व्हेगास येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात प्रथम मांडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो ५९५ डॉलरला विक्रीस आला. कंपनीचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल हे मूळचे पोलंडचे, ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेले. संगणक मूठभर वर्गासाठी नव्हे, तर सर्वसामान्यांसाठी असावा, असे त्यांचे धोरण होते. मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनविणारी कंपनी कमोडोरच्याच मालकीची असल्याने सुटे भाग स्वस्तात मिळत आणि १९८३मध्ये संगणकाची किंमत मूळ किमतीच्या निम्म्याहून खाली आणता आली. एप्रिल १९९४मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. तोवर या एका मॉडेलचे सव्वा कोटी ते एक कोटी सत्तर लाख संच विकले गेले असावेत, असे निरनिराळे अंदाज आहेत.

कळफलकाच्या जाडसर खोक्यातच हा सारा संगणक सामावलेला असतो. त्यातील ६५१० हा प्रोसेसर आठ बिटांचा असून सेकंदाला सुमारे दहा लाख आवर्तने करतो. म्हणजे त्याचा वेग साधारण एक मेगाहर्ट्झ. गुणाकाराची स्वतंत्र आज्ञा त्याला ठाऊक नाही. बेरजा करीत आणि बिटे सरकवीत गुणाकार साधावा लागतो. स्मृती चौसष्ट किलोबाइट, अर्थात ६५,५३६ बाइट. संगणक सुरू करताच त्यांपैकी बेसिक भाषेतील आज्ञावलीसाठी ३८,९११ बाइट मोकळे असल्याची नोंद निळ्या पडद्यावर उमटते. पडद्यावर पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत चाळीस अक्षरे मावतात.

भारतात त्या काळी ओळखीचे झाले ते त्याचे ब्रिटिश समकालीन. १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता योजनेतून बीबीसी मायक्रो हा संगणक शाळांपर्यंत पोहोचला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन १९८६मध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस भारतीय बाजारात आणला. सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तोवर आठ बिटांच्या घरगुती संगणकांचा बहर ओसरला होता. ‘हे संगणक इंटरनेटच्या आधीचे’ अशी समजूत येथे रूढ झाली, ती त्यामुळेच.

एकाच काळातील दोन गोष्टी

ही समजूत मात्र पूर्णपणे खरी नाही. इंटरनेटचा पाया असलेले टीसीपी आणि आयपी हे दोन प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम, सप्टेंबर १९८१मध्ये अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाले. अर्पानेट या अमेरिकी संगणकजाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी ते स्वीकारले. कमोडोर ६४ बाजारात आला तो नेमका या दोन तारखांच्या मधल्या काळात. जाळ्यावर किती मोठा संगणक असावा, याची कोणतीही अट त्या नियमांत नव्हती. ठरलेल्या रचनेची पॅकेटे स्वीकारता आणि पाठविता आली की यंत्र जाळ्याचे सभासद झाले. पॅकेट विद्यापीठातल्या महासंगणकाने पाठविले की एखाद्या घरातल्या खेळण्याने, हे पलीकडच्या यंत्राला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते.

वेबचा जन्म त्यानंतरचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेत पहिला वेब सर्व्हर चालू केला. नेक्स्ट कंपनीच्या ज्या टेबलावरील संगणकावर तो चालत होता, त्यावर ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये’ अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटविलेली होती. वेबचा प्रारंभच असा एका व्यक्तीच्या टेबलावरून झाला.

सर्व्हरला काय करावे लागते

वाचकाने पत्ता टंकला की त्याचा ब्राउझर सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी मागतो. जोडणी झाल्यावर तो अमुक पान हवे अशी विनंती साध्या अक्षरांत पाठवितो. सर्व्हर आधी उत्तराचा संकेत देतो. पान असेल तर तो २०० असतो, नसेल तर ४०४. त्यामागोमाग पानाचा मजकूर येतो आणि काम संपते. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत ही विनंती अवघी एका ओळीची होती. मे १९९६मध्ये नोंदल्या गेलेल्या एचटीटीपी १.० या आवृत्तीत काही भर पडली. त्या आवृत्तीप्रमाणे दिलेले उत्तर आजचे ब्राउझरही समजून घेतात.

या नियमांत दुबळ्या यंत्रांची सोयही पाहिलेली दिसते. उत्तरासोबत तारीख पाठविण्याची रीत आहे. परंतु ज्या सर्व्हरकडे भरवशाचे घड्याळ नाही त्याने तारीख पाठवूच नये, असे १९९९च्या एचटीटीपी १.१मध्ये स्पष्ट म्हटले आहे. कमोडोर ६४मध्ये वीज गेल्यावरही चालू राहणारे घड्याळ नाही, त्यामुळे हा नियम त्याला तंतोतंत लागू पडतो.

खरा भार वेबचा नाही, तर त्याखालच्या टीसीपीचा आहे. टीसीपी ही पोचपावतीच्या टपालासारखी व्यवस्था आहे. मजकुराचे तुकडे करावयाचे, प्रत्येकाला क्रमांक द्यावयाचा, पावती आली नाही तर तो तुकडा पुन्हा धाडावयाचा. प्रत्येक पॅकेटच्या आरंभी आयपीचे किमान २० आणि टीसीपीचे किमान २० बाइट केवळ शीर्षकापोटी खर्च होतात. क्रमांक बत्तीस बिटांचे असतात. आठ बिटांच्या प्रोसेसरला अशी एक बेरीज चार टप्प्यांत, हातचे घेत घेत करावी लागते. शिवाय पॅकेट वाटेत बिघडले नाही ना हे पाहण्यासाठी त्यातील सर्व बाइटांची ताळाबेरीज करावी लागते. एका बाइटमागे पंधराच्या आसपास आवर्तने धरली तर दीड हजार बाइटांच्या एका पॅकेटला साधारण २२ मिलिसेकंद लागतात. आधुनिक संगणकाच्या दृष्टीने हा प्रदीर्घ काळ आहे. माणसाच्या दृष्टीने मात्र तो डोळ्याच्या उघडझापीहूनही कमी आहे. कमोडोरचा सर्व्हर उपयोगी ठरतो, तो या दोन मोजपट्ट्यांतील फरकामुळे.

डंकेल्स यांची काटकसर

वेग कमी असला तरी धीर धरता येतो. स्मृती कमी असली तर धीराचा उपयोग नसतो. साध्या टीसीपी/आयपी आज्ञावलीला त्या काळी शेकडो किलोबाइट लागत, आणि लहान प्रोसेसरांसाठी बनविलेल्या काही आवृत्त्या प्रोटोकॉलमधील आवश्यक भाग गाळून आकार कमी करीत. स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्स या संस्थेतील संशोधक ॲडम डंकेल्स यांनी वेगळा मार्ग धरला. नियमांत तडजोड करावयाची नाही, तर कामाची पद्धत बदलावयाची, असा तो मार्ग. त्यांच्या ‘यूआयपी’ या आज्ञावलीचा आकार काही किलोबाइट आणि तिची स्मृतीची गरज काही शेकडो बाइट इतकीच राहिली. आठ बिटांच्या यंत्रावर संपूर्ण टीसीपी/आयपी चालविण्याविषयीचा त्यांचा शोधनिबंध २००३मध्ये प्रसिद्ध झाला.

ही बचत मुख्यतः तीन गोष्टींतून साधली. पहिली म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅकेटांसाठी एकच सामाईक जागा. आलेले पॅकेट वाचून होताच त्याच जागेत उत्तर तयार केले जाते. दुसरी गोष्ट पुन्हा पाठविण्याची. नेहमीच्या पद्धतीत पावती येईपर्यंत पाठविलेल्या मजकुराची प्रत जपून ठेवतात. यूआयपी प्रत ठेवत नाही. पावती आली नाही तर ती सर्व्हरच्या आज्ञावलीलाच तो तुकडा पुन्हा तयार करावयास सांगते. वेबवरील स्थिर पान स्मृतीत कोठे आहे हे ठाऊक असल्याने तेच बाइट पुन्हा उचलणे सर्व्हरला अवघड जात नाही. तिसरी गोष्ट म्हणजे एका जोडणीवर एका वेळी एकच तुकडा पाठवून त्याच्या पावतीची वाट पाहणे.

यातील तिसऱ्या काटकसरीची किंमत वेगात मोजावी लागते. वाचकाकडील संगणक पुष्कळदा दोन तुकडे मिळाल्यावर एकच पावती देण्याच्या विचाराने थांबतो. हा थांबा सामान्यतः ०.२ सेकंदापर्यंतचा असतो. सर्व्हर पावतीची वाट पाहतो, वाचकाचा संगणक दुसऱ्या तुकड्याची. परिणामी सेकंदाला चार-पाच तुकडेच सरकतात आणि वेग जास्तीत जास्त सात किलोबाइटांच्या आसपास अडतो. यावरही उपाय निघाला. एकच तुकडा मुद्दाम दोन भागांत पाठविला की दुसरा भाग मिळताच पावती तत्काळ येते.

एका वेळी किती जोडण्या सांभाळायच्या हे आज्ञावली तयार करतानाच ठरवून टाकावे लागते. सर्व जागा भरल्या असता नवी मागणी आली, तर ती निमूटपणे टाकून दिली जाते. मागणाऱ्याचा संगणक काही क्षणांनी पुन्हा दार ठोठावतो, आणि तोवर बहुधा एखादी जागा रिकामी झालेली असते. गर्दी मर्यादेत असेल तर वाचकाला फक्त थोडा उशीर जाणवतो. एखाद्या लोकप्रिय संकेतस्थळाने दुवा दिला आणि हजारो वाचक एकदम आले, तर मात्र हे यंत्र बहुतेकांना उत्तर देऊ शकत नाही.

कॉन्टिकी

मार्च २००३मध्ये डंकेल्स यांनी कॉन्टिकी ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम प्रसिद्ध केली. तिचे नाव नॉर्वेचे संशोधक थॉर हेयरडाल यांच्या कॉन-टिकी तराफ्यावरून आले आहे. हेयरडाल आणि त्यांचे सहकारी १९४७मध्ये हलक्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांत पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियाच्या बेटांवर पोहोचले. साध्या साधनांनी मोठा सागर ओलांडण्याचे ते उदाहरण या प्रणालीला शोभणारे होते. कमोडोर ६४वर ती खिडक्यांचा पडदा, वेब ब्राउझर आणि वेब सर्व्हर देत असे. ॲपल टू आणि अटारीचे आठ बिटांचे संगणक यांवरही ती नेण्यात आली. आज्ञावली सी भाषेत लिहून सीसी६५ या मुक्त कंपायलरने ६५१०च्या भाषेत उतरविली जाते.

येथे अडचण होती ती स्टॅकची. अर्धवट राहिलेल्या कामांच्या खुणा प्रोसेसर ज्या जागेत ठेवतो, ती जागा या यंत्रात अवघी २५६ बाइटांची आहे. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या मोठ्या प्रणाली प्रत्येक कामाला वेगळा स्टॅक देतात. तो थाट येथे परवडणारा नव्हता. कॉन्टिकीने पंगतीतल्या एकुलत्या एका वाढप्याची रीत पत्करली. तो कोणा एकापाशी खोळंबून राहत नाही. ज्याने मागितले त्याला वाढतो आणि पुढे सरकतो. कोणाचे काम कोठवर आले, एवढेच तो लक्षात ठेवतो. या लक्षात ठेवण्यासाठी डंकेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रोटोथ्रेड नावाचे जे तंत्र २००६मध्ये सविस्तर मांडले, त्यात एका कामामागे साधारण दोन बाइट पुरतात.

तार कोठे जोडायची

कमोडोर ६४मध्ये नेटवर्कची जोडणी मुळात नाही. आरंभीचा मार्ग होता मागच्या बाजूच्या यूजर पोर्टला क्रमशः बिट पाठविणारी तार जोडून दुसऱ्या संगणकाच्या मदतीने इंटरनेट गाठण्याचा. त्यासाठी १९८८मध्ये नोंदला गेलेला स्लिप हा अत्यंत साधा प्रोटोकॉल वापरीत.

पुढे आरआर-नेटसारखी इथरनेट कार्डे आली. त्यांतील सीएस८९००ए ही चिप सेकंदाला एक कोटी बिटांच्या जाळ्याशी जोडली जाते आणि आलेली पॅकेटे क्षणभर स्वतःच्या चार किलोबाइट जागेत धरून ठेवते. जाळे सेकंदाला साडेबारा लाख बाइट आणू शकते, पण कमोडोरचा प्रोसेसर साध्या आज्ञांनी सेकंदाला साठ-सत्तर हजार बाइटच उचलू शकतो. मधल्या या साठ्याशिवाय दोघांचा मेळ बसला नसता. ॲपल टूसाठीचे यूथरनेट कार्ड याच चिपवर आधारलेले होते. भारतात ओळखीच्या असलेल्या स्पेक्ट्रमसाठीही स्पेक्ट्रानेट नावाचे कार्ड पुढे तयार झाले.

अलीकडे तारेवाचून जोडणारे स्वस्त वायफाय मोडेम वापरले जातात. त्यांपैकी अनेकांत एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही २०१४पासून लोकप्रिय झालेली चिप असते. ती बत्तीस बिटांची असून ८० मेगाहर्ट्झ वेगाने चालते, म्हणजे ज्या संगणकाला ती मदत करते त्याच्याहून कितीतरी समर्थ आहे. टीसीपीचा सारा भार ती स्वतःच उचलते. त्यामुळे सर्व्हर नेमका कोण, कमोडोर की मोडेम, असा वाद हौशी मंडळींत रंगतो. गमतीचा भाग असा की त्या चिपमध्ये टीसीपी/आयपीसाठी वापरली जाणारी एलडब्ल्यूआयपी ही आज्ञावलीही मूळची डंकेल्स यांचीच.

पाने ठेवण्याची जागा

सर्व्हरला पाने कोठून तरी उचलावी लागतात. कमोडोरच्या १५४१ या डिस्क ड्राइव्हच्या एका तबकडीवर सुमारे १७० किलोबाइट मजकूर राहतो. ड्राइव्हला स्वतंत्र प्रोसेसर असूनही मूळ पद्धतीने तो सेकंदाला तीनशे-चारशे बाइटच देतो. दहा किलोबाइटचे पान वाचण्यास अशाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागेल. तार हाताळण्याचे काम मुख्य प्रोसेसर आज्ञांच्या आधारे बिटाबिटाने करीत असल्याने त्या वेळात नेटवर्ककडे पाहणेही त्याला जड जाते. म्हणून पाने आधीच स्मृतीत आणून ठेवणे किंवा कार्ट्रिजवर साठविणे श्रेयस्कर ठरते.

सर्व्हरला पडदाही लागत नाही. कमोडोर ६४मध्ये चित्र उमटविणारी चिप अक्षरे वाचण्यासाठी प्रोसेसरला वारंवार थांबविते. पडदा रिकामा ठेवला की प्रोसेसरचा सुमारे पाच टक्के वेळ वाचतो.

आजच्या एखाद्या सामान्य वेब पानाचे वजन चित्रे आणि आज्ञावली धरून दोन मेगाबाइटांहून अधिक भरते. म्हणजे कमोडोरच्या संपूर्ण स्मृतीच्या तीसपट. असे पान त्यावर ठेवताच येणार नाही आणि ठेवता आले तरी सेकंदाला सात किलोबाइटांच्या वेगाने ते पोहोचण्यास पाच मिनिटांच्या आसपास लागतील. केवळ मजकुराचे पान मात्र सेकंदभरात येते. अशा सर्व्हरसाठी लिहिताना प्रत्येक बाइटचा हिशोब ठेवावा लागतो.

अक्षरे आणि देवनागरी

कमोडोरची अक्षरसंहिता पेटस्की या नावाने ओळखली जाते. ती प्रचलित आस्की संहितेपासून वेगळी असून लहान-मोठ्या रोमन अक्षरांच्या जागा तीत बदललेल्या आहेत. रूपांतर न करता पान पाठविले तर वाचकाच्या पडद्यावर अक्षरांचा घोळ दिसतो, आणि उत्तराच्या संकेतात तसे घडले तर ब्राउझर उत्तरच नाकारू शकतो.

या संगणकाच्या अक्षररॉममध्ये देवनागरीला अर्थातच स्थान नाही. तरीही त्यावरून मराठी पान वाचकाला देता येते. सर्व्हरने अक्षर ओळखण्याची गरज नसते. त्याने बाइट जसेच्या तसे पोहोचवावेत, अक्षर रेखाटण्याचे काम वाचकाचा ब्राउझर करतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्तचिन्ह तीन बाइट घेते. तीनशे शब्दांच्या मराठी मजकुराला त्यामुळे साधारण साडेपाच-सहा किलोबाइट लागतात. एवढा मजकूर कमोडोरच्या स्मृतीत सहज सामावतो. स्वतःला वाचता न येणारी लिपी हे यंत्र बिनचूक पोहोचवू शकते.

अखंड चालण्यातील अडचणी

सर्व्हर दिवसरात्र चालू असावा लागतो. हा संगणक मात्र दिवसातले काही तास वापरण्यासाठी बनविला होता. सर्वांत मोठा धोका त्याच्या मूळ वीजपुरवठ्याचा आहे. राळेत गच्च भरलेल्या त्या ठोकळ्यातून उष्णता बाहेर पडत नाही. त्यातील पाच व्होल्टचा नियामक निकामी झाला तर विजेचा दाब घटण्याऐवजी वाढतो आणि स्मृतीच्या चिप जळतात. म्हणून जाणकार मूळ ठोकळा न वापरता नवा, संरक्षक मंडल असलेला वीजपुरवठा घेतात. उष्णतेने बिघडण्याविषयी पीएलए ही चिपही कुप्रसिद्ध आहे. चार दशके जुने कॅपॅसिटर तपासून घेणे आणि चिपवर उष्णता पसरविणारे पत्रे बसविणे हे उपाय केले जातात.

मूळ यंत्र धोक्यात घालावयाचे नसेल तर व्हाइस ही मुक्त आज्ञावली आजच्या संगणकावर कमोडोर ६४ची हुबेहूब नक्कल करते. नेटवर्क कार्डाची नक्कलही तीत असल्याने हा सारा प्रयोग घरबसल्या करून पाहता येतो.

काटकसरीचा वारसा

कमोडोर ६४साठी केलेला खटाटोप संग्रहालयापुरता राहिला नाही, याचे कारण लहान प्रोसेसर नाहीसे झाले नाहीत. ते टेबलावरून उठून भिंतीत, यंत्रात आणि शेतात गेले. तापमान, ओलावा किंवा विजेचा वापर मोजणाऱ्या संवेदकांत बॅटरी पुरवून वापरावी लागते, किंमत कमी ठेवावी लागते, म्हणून त्यांची स्मृतीही तोकडी असते. संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या टीमोट स्काय या संवेदकफलकाची स्मृती दहा किलोबाइट होती, म्हणजे कमोडोरच्या एकषष्ठांशाहूनही कमी. साधारण दोन किलोबाइट रॅम आणि चाळीस किलोबाइट रॉममध्ये मावणारी कॉन्टिकी या कामासाठी अनायासे तयार होती. २००८मध्ये सिस्को आणि ॲटमेल या कंपन्यांच्या सहभागाने यूआयपीला नव्या आयपीव्ही६ पत्त्यांची जोड मिळाली. कॉन्टिकीची पुढची शाखा कॉन्टिकी-एनजी २०१७पासून विकसित होत आहे. ‘वस्तूंचे इंटरनेट’ या नावाने जे ओळखले जाते, त्याच्या मुळाशी असलेल्या आज्ञावलींत या कुळाचा असा वाटा आहे.

या वारशाला दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०२०मध्ये फोरस्काउट या सुरक्षा कंपनीने चार मुक्त टीसीपी/आयपी आज्ञावलींतील ३३ सुरक्षादोष ‘अम्नेशिया:३३’ या नावाने जाहीर केले. त्या चौघींत यूआयपी होती. दीडशेहून अधिक उत्पादकांची उपकरणे त्यांच्या कक्षेत येत होती. आलेल्या पॅकेटात लिहिलेली लांबी खरी आहे की नाही याची पुरेशी तपासणी न होणे, हे अशा अनेक दोषांचे मूळ. प्रत्येक तपासणीला काही बाइट आणि काही आवर्तने लागतात, आणि जेथे दोन्हींची टंचाई आहे तेथे तपासणी वगळण्याचा मोह होतो. हौशी माणसाच्या कमोडोरवर हल्ला झाला तर फार तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागेल. तीच आज्ञावली कारखान्यातील उपकरणात बसली की प्रश्न गंभीर होतो. आज्ञावलीत सुधारणा झाली तरी भिंतीत बसविलेल्या उपकरणापर्यंत ती पोहोचविण्याची सोय कित्येकदा नसते.

बंद होत गेलेले दार

गेल्या काही वर्षांत वेबचे नियम बदलले आहेत. वाचक आणि सर्व्हर यांच्यातील संवाद कोणाला चोरून वाचता अथवा बदलता येऊ नये, यासाठी तो सांकेतिक करण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. जुलै २०१८पासून क्रोम हा ब्राउझर असा संरक्षित नसलेल्या प्रत्येक पानाला ‘सुरक्षित नाही’ असा शेरा देऊ लागला. या सांकेतिकीकरणासाठी शेकडो, कधी हजारो बिटांच्या संख्यांचे गुणाकार करावे लागतात. गुणाकाराची आज्ञाच नसलेल्या एक मेगाहर्ट्झच्या यंत्राकडून ब्राउझर थांबून राहील इतक्या वेळात ते होणे व्यवहारात शक्य नाही. त्यासाठी कोणाला ओळखता न येणाऱ्या यादृच्छिक संख्याही लागतात. कमोडोरच्या सिड या ध्वनिचिपमधील खरखरीतून हौशी लोक अशा संख्या मिळवितात. खेळासाठी त्या पुरतात, गुप्ततेसाठी नाही.

अडथळा केवळ सांकेतिकीकरणाचा नाही. आयपीव्ही४च्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला. अनेक सेवादाते एकच पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. अशा घरातून बाहेरचे पान पाहता येते, पण घरातील यंत्रापर्यंत बाहेरच्या वाचकाला थेट येता येत नाही. सर्व्हर लहान असो वा मोठा, घरातून तो चालविणे त्यामुळे अवघड झाले आहे.

यावर सध्या योजला जाणारा उपाय म्हणजे मधे एक आधुनिक सर्व्हर उभा करणे. तो वाचकाशी सांकेतिक भाषेत बोलतो आणि मागणी साध्या स्वरूपात कमोडोरकडे पोहोचवितो. गर्दी झाली तर पानाची प्रत तोच परस्पर देतो. यंत्र सुरक्षित राहते, वाचकालाही शेरा दिसत नाही. परंतु वाचक आणि ते यंत्र यांच्यात आता मध्यस्थ आला, आणि तो मध्यस्थ बहुधा भाड्याने घेतलेला असतो.

हे संरक्षण अनावश्यक होते, असे म्हणता येणार नाही. बँकेचे व्यवहार, आजारपणाच्या नोंदी आणि खासगी पत्रे ज्या जाळ्यावरून जातात, त्याला ते हवेच होते, आणि लहान यंत्रांत तपासणी वगळल्याचे परिणाम २०२०मध्ये दिसलेच आहेत. तथापि त्याबरोबर जे कमी झाले त्याचीही नोंद व्हावयास हवी. इंटरनेटच्या मूळ नियमांपुढे महासंगणक आणि खेळण्यातला संगणक समान होते, आणि ज्याच्याकडे एक यंत्र व एक तार आहे त्याला कोणाची परवानगी न घेता प्रकाशक होता येत होते. १९८१ आणि १९९६ साली लिहिलेल्या त्या नियमांचा गाभा अजून कायम आहे. कमोडोर ६४ने साध्या मजकुराचे पान आजही पाठविले तर ब्राउझर शेरा देतो, परंतु पान उघडतो.